मोत्यांचा हंगाम आणि घरी राहिलेल्या आया: अल रुवैसचा एक इतिहास

अल रुवैस हे कतारच्या उत्तर टोकावरचे बंदर. दोहाहून उत्तरेकडे जाणारा महामार्ग सुमारे शंभर किलोमीटरवर इथे समुद्राला भिडतो. गावातली जुनी मशीद देशातल्या सर्वांत जुन्या मशिदींमध्ये गणली जाते. शेजारी अबू धलूफ हे तसेच जुने कोळीगाव आहे. वस्ती मुख्यतः सादा कुळाची आणि पोट सगळे समुद्रावर: उन्हाळ्यात मोती, एरवी मासे.

या किनाऱ्याचा इतिहास बहुतेक वेळा होड्यांच्या मोजणीतून सांगितला जातो. ब्रिटिश अधिकारी जे. जी. लॉरिमर यांच्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गॅझेटियरने साऱ्या कतारची लोकसंख्या सुमारे 27,000 धरली. मोत्यांच्या होड्या सुमारे 800 आणि त्यांवरची माणसे जवळजवळ 13,000 असल्याचेही नोंदवले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट उघड दिसते. वर्षातले चार महिने या भूभागातला जवळजवळ प्रत्येक धडधाकट पुरुष पाण्यावर होता. मागे राहत त्या बायका, मुले, म्हातारी माणसे आणि आजारी. त्यांना कोणी जेवू घातले, तापात कोण उशाशी बसले, बाळंतीण कोणी सोडवली, हे गॅझेटियरने विचारले नाही. मोत्यांचा धंदा मात्र या कामाच्या आधारावरच चालत होता, आणि ते काम गावातल्या आयांचे होते.

मोठा हंगाम मे-जूनमध्ये सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपे. त्याला ‘घौस’ म्हणत. होडीचा कप्तान नाखुदा. कोकणातल्या नाखव्याचे आणि त्याचे नाव एकाच फारसी मुळातून आले आहे. नाखुदा निघण्यापूर्वी पाणबुड्यांना उचल देई. त्या उचलीतून तांदूळ, खजूर, कॉफी आणि थोडे कापड घेऊन घरात टाकायचे आणि तेवढ्यावर होडी परतेपर्यंत निभवायचे. तांदूळ हिंदुस्थानातून येई, खजूर बसरा आणि पूर्व अरबस्तानातल्या अल हसाकडून. हिशेब रुपयांत होत, कारण आखाताचे चलनच भारतीय रुपया होते. 1959 मध्ये खास आखातासाठी वेगळा रुपया काढला गेला आणि कतारने तो 1966 मध्ये सोडला. हंगाम वाईट गेला तर उचल फिटत नसे, ती पुढच्या वर्षाच्या नावे चढे आणि बाप मेला तर मुलाच्या डोक्यावर येई. म्हणजे घरातल्या बाईच्या हाती येणारा दाणा कर्जाचाच असे. पिंप किती दिवस पुरवायचे, कोणाच्या ताटात कमी वाढायचे, हे निर्णय तिचे होते.

आखातातला उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो आणि किनाऱ्यावर दमट हवेने तो आणखी असह्य होतो. नेमक्या त्याच महिन्यांत घर एकटीवर पडे. घरे किनाऱ्यावरच्या दगडांची, जिप्समच्या चुन्याने लिंपलेली. छताला खारफुटीचे वासे आणि मध्ये अंगण. विहिरींचे पाणी मचूळ. गोडे पाणी आतल्या विहिरींवरून आणावे लागे आणि ते बायकाच आणत. ओहोटीच्या वेळी उथळ पाण्यातल्या दगडी बांधांमध्ये मासे अडकत. असे बांध उत्तर किनाऱ्यावर आजही दिसतात. ते मासे गोळा करणे, वाळवणे, शेळ्या सांभाळणे, सरपण जमवणे, खजुराच्या झावळ्यांच्या चटया आणि टोपल्या विणणे, असा दिवस जाई. मुलाला जुलाब सुरू झाले, कोणाच्या पायात शिंपल्याची धार घुसली किंवा कोणी चुलीवर भाजले, तरी यातले कुठलेच काम थांबत नसे. म्हणून आजारपणात शेजारीण ही मदत राहत नसे, ती व्यवस्थेचाच भाग होई. ‘फरीज’ म्हणजे मोहल्ला. एकीचे पाणी दुसरीने आणायचे, एकीची मुले दुसरीच्या अंगणात जेवायची, असा त्याचा रोजचा व्यवहार होता.

औषधे बहुतेक घरातच असत. जखमेवर हिराबोळ, पोट साफ करायला सोनामुखी, पोटदुखीला हिंग, सर्दी-खोकल्याला काळे जिरे आणि ओवा, केस धुवायला बोरीचा पाला, डोक्याला आणि तळव्यांना मेंदी. मराठी घरातल्या आजीच्या बटव्याशी ही यादी इतकी जुळते, याला कारण आहे. यातला बराच माल मुंबईहून येणाऱ्या गलबतांतून आखातात उतरत असे. मोती मुंबईला जात. झवेरी बाजारात त्यांची निवड होई, ते वेधले जात, ओवले जात आणि पुढे युरोपात विकले जात. परतीच्या गलबतात तांदूळ, कापड, सागवान, मसाले आणि औषधी मुळ्या भरल्या जात.

घरच्या औषधाने गुण आला नाही की डाग देत. लोखंडाची तापलेली सळई कपाळावर, पोटावर किंवा पाठीवर टेकवायची. कावीळ, पोटदुखी, मुलांची आकडी, सांधेदुखी, सगळ्यांवर हा उपाय चाले. महाराष्ट्रातही बिब्ब्याचे आणि विळ्याचे चटके देत असत, तेव्हा मराठी वाचकाला हे परके वाटू नये. त्यातून मुलांना जखमा होत आणि त्या चिघळतही. डॉक्टर नसलेल्या किनाऱ्यावर आईच्या हाती काहीतरी करण्याचा तोच एक मार्ग होता, हे मात्र न्याय करताना लक्षात घ्यायला हवे.

हाच उपाय त्या बायका समुद्रावरही करत. हंगाम लांबला, होड्या परतायला उशीर झाला की आखाताच्या किनाऱ्यांवर बायका एकत्र जमून पाण्यात उतरत. पेटती झावळी किंवा तापलेली सळई समुद्रात बुडवून त्याला डाग देत आणि आता पुरे कर, आमची माणसे परत दे, असे गाण्यातून विनवत. कुठे कुठे मांजर पाण्यात बुचकळण्याचीही रीत होती. कोकणात कोळी बायका नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन शांत करतात. आखातातल्या बायका त्याला आजारी मुलासारखा चटका देत. कतारमध्ये ही गाणी आता लोककला म्हणून सादर होतात. ती रंगमंचावर येतात तेव्हा त्यांच्यामागचा घोर नजरेआड होतो. एरवी मोत्यांच्या धंद्यातली गाणी म्हणून नोंद होते ती होडीवरच्या नहामाची, म्हणजे वेतन घेऊन गाणाऱ्या गायकाची.

घोर खोटा नव्हता. पाणबुडे नाकाला कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा चिमटा लावून, पायाला दगड बांधून, दिवसात अनेक बुड्या मारत. कानाचे पडदे फाटत, खाऱ्या पाण्याने डोळे आणि कातडी खराब होई, जेलीफिशचा दंश होई. भाजीपाला आणि गोडे पाणी कमी असल्याने माणसे अशक्त होऊन परतत. हिवाळ्यात या माणसांची शुश्रूषाही घरातल्या बाईकडेच असे. आणि काही होड्या परतत नसत. 1925 च्या वादळात आखातात शेकडो होड्या बुडाल्या. बहारीनपासून कतारपर्यंतच्या किनाऱ्यांवर ते साल पुढे अनेक पिढ्या बुडीताचे वर्ष म्हणूनच ओळखले गेले. वय सांगतानाही माणसे त्या वर्षाच्या आधी किंवा नंतर असे सांगत. विधवा झालेल्या घराकडे नाखुद्याचे कर्ज तसेच राही. अशा घराला तगवण्याचे काम सासरमाहेरच्या माणसांचे आणि फरीजमधल्या बायकांचे.

बाळंतपण हा या साऱ्या व्यवस्थेचा गाभा. सुईण गावातलीच, बहुधा वयस्क बाई, हात अनुभवाने तयार झालेला. पहिलटकरीण माहेरी जाई. बाळंतिणीला चाळीस दिवस कामातून मोकळीक असे आणि ती पाळली जावी म्हणून शेजारणी तिचे घर चालवत. मराठी घरातला सव्वा महिना हिशेबाने फार वेगळा नाही. खाणे तर चकित करणारे आहे. आखातातल्या बाळंतिणीला देतात तो ‘हसू’ नावाचा पदार्थ म्हणजे ‘रशाद’ बिया, तूप, अंडी आणि गूळ-साखर किंवा खजुराचा पाक यांची घट्ट पेज. रशाद म्हणजे अळीव. सातारा-सांगलीत अळिवाचे लाडू नाही तर खीर करून देतात, अल रुवैसमध्ये त्याच बियांची पेज होते आणि दोन्हीकडे कारण एकच सांगतात: अंगात ताकद येते, दूध वाढते.

या परंपरेत घातक गोष्टीही होत्या आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. बाळंतपणानंतर योनीत खडेमीठ भरण्याची चाल आखातात अनेक ठिकाणी होती. जखम आवळून यावी, जंतुसंसर्ग होऊ नये, असा तिचा समज. प्रत्यक्षात तिथली त्वचा कडक होऊन मार्ग आकसे आणि पुढच्या बाळंतपणात आई व मूल दोघेही अडकत. आखातात दवाखाने चालवणाऱ्या अमेरिकन ख्रिस्ती मिशनच्या डॉक्टरांनी याविषयी कळवळून लिहिले आहे, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या कठीण बाळंतिणींमध्ये हे वारंवार दिसे. देवी आणि लहान मुलांचे जुलाब यांनी दरवर्षी किती मुले नेली याची गणती कोणी ठेवली नाही.

आई आजारी पडली किंवा दगावली तर तान्ह्याला शेजारीण पाजत असे. इस्लामी कायद्यात यातून दूधनाते तयार होते. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला एखाद्या बाईने ठरावीक वेळा पाजले, हनबली आणि शाफी मतांप्रमाणे पाच वेळा, की ती त्याची दूधआई होते आणि तिची मुले त्याची भावंडे. त्यांच्यात पुढे लग्न होऊ शकत नाही. मानववंशशास्त्रज्ञ फद्वा अल गिंदी यांनी कतार विद्यापीठात असताना या नात्यांचा अभ्यास केला आणि 2012 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यातून दिसते की ही नाती आजही कतारी घरांत मोजली जातात. अडचणीच्या वेळी केलेली मदत इथे कायद्याचे नाते होऊन बसते आणि दोन घरे पुढच्या पिढीपर्यंत बांधली जातात. मैत्रीला इतका पक्का आकार देणारी दुसरी रीत क्वचितच सापडेल.

मात्र सगळेच हात स्वखुशीचे नव्हते. मोत्यांच्या भरभराटीच्या काळात आफ्रिकेतून आणलेले गुलाम होड्यांवर होते, तशा गुलाम बायका श्रीमंत घरांत पाणी भरणे, स्वयंपाक करणे आणि मुले सांभाळणे ही कामे करत. कतारमध्ये गुलामगिरी 1952 मध्ये संपवण्यात आली. दोहातल्या मशायरेब भागातले बिन जलमूद घर आता या इतिहासाचे संग्रहालय आहे. घरकामाच्या इतिहासात या बायकांचे नाव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दवाखाना जवळ होता तो परक्या बेटावर. अमेरिकेच्या रिफॉर्म्ड चर्चच्या अरेबियन मिशनने बहारीनच्या मनामामध्ये मेसन मेमोरियल हॉस्पिटल 1903 मध्ये सुरू केले. उत्तर कतारच्या गावांचा बहारीनशी राबता मोठा होता. वाळवंटातून दोहा गाठण्यापेक्षा शिडाच्या होडीने बहारीन गाठणे सोपे. पण ही वाट राजकारणाच्या हाती होती. 1937 मध्ये कतारच्या वायव्य किनाऱ्यावरच्या झुबाराच्या मालकीवरून वाद पेटला आणि बहारीनने कतारशी व्यापार व ये-जा बंद केली. मोत्यांचा बाजार आधीच कोसळला होता. जपानमध्ये मिकिमोतो यांनी रुजवलेले संवर्धित मोती 1920 च्या दशकात जगभर पोहोचले, आणि 1929 च्या मंदीने उरलेले गिऱ्हाईकही गेले. 1930 चे दशक आणि पुढची युद्धाची वर्षे या किनाऱ्यावर उपासमारीची म्हणून ओळखली जातात. कुटुंबेच्या कुटुंबे बहारीन, अल हसाकडे निघून गेली. 27,000 ची लोकसंख्या 1940 च्या दशकात सुमारे 16,000 वर आल्याचा अंदाज आहे.

पश्चिम किनाऱ्यावरच्या दुखानमध्ये तेल लागले ते याच काळात, 1939-40 मध्ये. युद्धामुळे विहिरी बंद ठेवाव्या लागल्या आणि निर्यात सुरू व्हायला 1949 चा डिसेंबर उजाडला. उत्तरेच्या गावांतले पुरुष आता तेलक्षेत्रात कामाला जाऊ लागले. म्हणजे पुन्हा घर बायकांवरच, फक्त पगार रोख आणि नियमित. दोहात 1940 च्या दशकात शासकांनी दवाखान्याची इमारत बांधली आणि मिशनच्या डॉक्टरांनी ती चालवली. डॉ. मेरी ब्रुइन्स ॲलिसन यांनीही तिथे काम केले. कुवेतमध्ये 1930 च्या दशकापासून काम करणाऱ्या या बाईंचे आत्मकथन आखातातल्या बायकांच्या आरोग्याविषयीचा मोलाचा दस्तऐवज आहे. बाईने पुरुष डॉक्टरला दाखवायचे नाही, हा संकोच इतका खोल होता की बाई डॉक्टर आल्यावरच अनेकींचे दुखणे पहिल्यांदा तपासले गेले. 1957 मध्ये दोहात रुमैला रुग्णालय सुरू झाले.

त्याच सुमारास मुलींची शाळा आली. आमिना महमूद अल जैदा यांनी 1938 पासून घरी मुलींना शिकवायला सुरुवात केली होती, आणि त्यांच्याच प्रयत्नांतून 1950 च्या दशकाच्या मध्यावर सरकारी मुलींची शाळा उभी राहिली. आरोग्याच्या इतिहासात ही घटना रुग्णालयाइतकीच महत्त्वाची आहे. औषधाच्या बाटलीवरचे वाचता येणारी पहिली पिढी त्या वर्गांतून तयार झाली.

1971 च्या स्वातंत्र्यानंतर उत्तरेचा नकाशा बदलला. अल जुमैल, अल अरीश अशी किनाऱ्यावरची गावे ओस पडली, कारण पाणी आणि दवाखाना दोन्ही लांब होते. 1970 च्या दशकात अल रुवैसला लागून मदिनत अश शमाल हे नवे शहर वसवण्यात आले. नळाचे पाणी, वीज, शाळा आणि आरोग्य केंद्र एका ठिकाणी आले. दोहात हमद जनरल रुग्णालय 1982 मध्ये आणि स्वतंत्र महिला रुग्णालय 1988 मध्ये सुरू झाले. सुईणीचे काम एका पिढीत संपले. तरी अल रुवैसच्या आईला कठीण बाळंतपणासाठी दोहाचा रस्ता धरावाच लागे. 2005 मध्ये अल खोरला रुग्णालय झाले तेव्हा ते अंतर निम्मे झाले. प्राथमिक आरोग्याची वेगळी संस्था 2012 मध्ये उभी राहिली आणि तिच्या उत्तर विभागात अल रुवैसचे केंद्र आहे. लसीकरण, गरोदरपणातल्या तपासण्या, साखर आणि रक्तदाब यांसाठी आता गावाबाहेर पडावे लागत नाही. मधुमेह आणि लठ्ठपणा या आजच्या काळज्या आहेत. अन्न पुरवून पुरवून खाणाऱ्या आज्यांच्या नातवंडांना नेमके हेच दुखणे लागावे, यात या किनाऱ्याच्या बदलाचा वेग दिसतो.

2015 मध्ये बंदर नव्या रूपात खुले झाले. दोनच वर्षांनी, 5 जून 2017 रोजी, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. 1937 ची आठवण जागी व्हावी असे ते होते. अल रुवैसच्या बंदरातून अन्नधान्य येत राहिले, पण या वेळी तुटली ती घरे. आई एका देशाची, बाप दुसऱ्या देशाचा, मुलांचे नागरिकत्व बापाचे, अशी आखातात हजारो कुटुंबे आहेत. आजारी आईवडिलांना भेटता न येणे, उपचार अर्ध्यावर सुटणे, अशा तक्रारी मानवी हक्क संघटनांनी नोंदवल्या. संबंध जानेवारी 2021 पासून हळूहळू पूर्ववत झाले.

आजच्या कतारमध्ये बहुसंख्य रहिवासी परदेशी आहेत आणि त्यांत मराठी कुटुंबेही आहेत. त्यांची वस्ती मुख्यतः दोहा आणि आसपास. महाराष्ट्र मंडळ, कतार ही त्यांची संस्था. नोकरी करणारी मराठी आई इथे फरीजविना असते. पुण्याहून किंवा कोल्हापुरातून आई बाळंतपणासाठी व्हिसावर येते, येताना अळीव आणि डिंक आणते, आणि व्हिसा संपला की परत जाते. नंतर मुलाला ताप आला, शाळेतून फोन आला, नवरा साइटवर असला, तर धावून येतात त्या इमारतीतल्या मैत्रिणी, मग त्या केरळच्या असोत, इजिप्तच्या असोत की फिलिपिन्सच्या. कतारचा 2004 चा कामगार कायदा एक वर्ष नोकरी झालेल्या बाईला 50 दिवसांची पगारी प्रसूती रजा आणि वर्षभर रोज तासाभराची स्तनपानाची सवलत देतो. जुन्या चाळिसाव्यापेक्षा ही मुदत दहाच दिवसांनी मोठी आहे, आणि त्या चाळीस दिवसांत घर चालवणाऱ्या शेजारणी कायद्याने मिळत नाहीत.

कुटुंब आणण्याची परवानगी पगारावर अवलंबून असल्यामुळे अल रुवैसच्या बंदरात राबणारे बहुतेक कामगार एकटेच राहतात. त्यांची घरे नेपाळमध्ये, बांगलादेशात, बिहारमध्ये आणि कोकणातही बायकाच चालवतात. कतारी आणि सुखवस्तू परदेशी घरांतली मुले सांभाळतात त्याही बहुतेक अशाच दूरदेशीच्या आया. घरकामगारांसाठी कतारने पहिला स्वतंत्र कायदा 2017 मध्ये केला आणि त्यात दिवसाला दहा तासांची मर्यादा व आठवड्याची सुटी नमूद केली. या बायकांची स्वतःची मुले बहुधा आजी, मावशी किंवा शेजारणीकडे असतात, आणि महिन्याच्या पगारातला ठरलेला वाटा त्यांच्या शाळेला, औषधाला आणि सांभाळणारीच्या घरखर्चाला जातो.